गोपनीय ठेवावे, ही विनंती

विधिमंडळाची समिती लातूरला येणार असल्याचं पत्र आलं, तेव्हा आमच्या कार्यालयात सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्याही नव्हत्या. जिल्हा नवा होता. उस्मानाबादहून ट्रकनं दप्तरं आली होती. गठ्ठ्यांवर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं आणि छापील कागदांवरचं ते नाव खोडून आम्ही वर शाईनं 'लातूर' लिहीत होतो. मी तिथं टंकलेखिका होते. नांदेडला टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि पहिलीच नेमणूक या नव्या जिल्ह्यात मिळाली. घर नायगावला. तेव्हा नायगाव तालुक्याचं ठिकाण झालं नव्हतं, बिलोली तालुक्यातलं बाजाराचं गाव होतं.

लातुरात गोलाईजवळ एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरी माडीवरची खोली मिळाली होती. मालकीणबाई पहाटेची पूजा आटोपली की नळाची वाट बघत ओट्यावर बसायच्या. नळ चार-चार दिवसांनी यायचा. आला की आपली भांडी भरायच्या आधी माझ्या दोन घागरी भरून जिन्याच्या तोंडाशी ठेवायच्या आणि खालूनच सांगायच्या, "पोरी, भांडं घासायला राख घे, पाणी नको." पावसानं लागोपाठ दगा दिला होता. खेड्यांची तर गोष्टच वेगळी. तिथं आडात टँकर रिकामा करायचे आणि मग सगळं गाव दोर टाकून ते पाणी पुन्हा वर काढायचं.

टंचाईच्या या कामांचीच समिती चौकशी करणार होती. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं लेखी निवेदन द्यावं, अशी जाहिरात वर्तमानपत्रांत आली. निवेदनं घ्यायला आणि समितीच्या बैठकीची तयारी करायला मुंबईहून एक कक्ष अधिकारी आधीच येऊन राहिले. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांना आमच्या व्हरांड्याच्या टोकाचं एक टेबल मिळालं आणि टायपिंग मशीनसकट मी.

साहेब निवृत्तीला आलेले. अंगानं किरकोळ, पांढरा शर्ट, आवाज इतका हळू की समोरचा माणूस आपोआप गप्प व्हायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक पान टाइप करायला दिलं, 'निवेदन देणाऱ्यांसाठी सूचना'. सरकारी मराठीत होतं. मी जसंच्या तसं टाइप करून दिलं. ते वाचून त्यांनी विचारलं, "बाई, हे तुमच्या आईला कळेल का?" आई चौथी शिकलेली. कळणार नाही म्हटलं. "मग तिला कळेल असं लिहून आणा."

तीन वेळा लिहिलं, तीन वेळा परत आलं. चौथ्या वेळी मी नायगावच्या ओसरीवर बसून आईला सांगते आहे असं मनात धरलं आणि लिहिलं. तुम्ही स्वतः पाहिलं असेल ते लिहा. नाव, गाव आणि सही करा, कारण निनावी कागद समिती घेत नाही. एकदा दिलेला कागद समितीचा होतो, तो परत मिळत नाही. समितीचा अहवाल सभागृहात येईपर्यंत तो कागद छापायचा नाही, वाटायचा नाही. समितीला जे सांगाल त्याबद्दल तुम्हाला कुणी कोर्टात खेचू शकत नाही. सांगितलं म्हणून कुणी धमकावलं, त्रास दिला, तर तो सभागृहाच्या हक्काचा भंग होतो. तसं झालं तर आम्हाला कळवा.

साहेबांनी शेवटी एक ओळ स्वतःच्या हातानं घातली, जाणूनबुजून खोटं सांगणं हाही हक्कभंगच आहे. मी म्हटलं, "सर, हे वाचून लोक घाबरतील." ते म्हणाले, "अर्धंच सांगितलं तर ती फसवणूक होईल."

ते पान आम्ही व्हरांड्याच्या खांबाला चिकटवलं आणि माणसं यायला लागली. कुणी वहीचा कागद आणायचं, कुणी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी ऐकून टाइप करायची, वाचून दाखवायची आणि मग अंगठा घ्यायची. मुरुडहून एक म्हातारे छोट्या रेल्वेनं आले. त्यांनी लिहिलेलं काहीच नव्हतं. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, "ह्ये आमच्या हिरीचं पाणी. समितीला दाखवा." मला हसू येत होतं. साहेबांना आलं नाही. त्यांनी आजोबांना खुर्ची दिली, चार ओळी लिहून घेतल्या, अंगठा घेतला आणि आवक नोंदवहीत माझ्याकडून लिहवून घेतलं, 'सोबत बाटली एक, गढूळ पाणी'. आजोबांनी ती नोंद मला तीनदा वाचायला लावली. मग पोचेची चिठ्ठी पागोट्यात खोचून ते गेले.

ते दिवस आठवले की मला त्या व्हरांड्याचा वास आठवतो. उन्हानं तापलेला पत्रा, डिंक आणि माणसांच्या अंगावरची धूळ. नोकरी म्हणजे पगार एवढंच मला तोवर ठाऊक होतं. तिथं पहिल्यांदा वाटलं की आपण टाइप करतो त्याला काही वजन आहे.

अशाच एका दुपारी एक नर्सबाई आल्या. पांढरी साडी, पायांत रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. जळकोटच्या बाजूच्या एका खेड्यातल्या उपकेंद्रावर त्या एकट्या होत्या. मूळच्या देगलूरकडच्या, बोलता बोलता मध्येच तेलुगू शब्द यायचा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. खांबाजवळ उभं राहून त्यांनी सूचनांचं पान सावकाश वाचलं आणि मला विचारलं, "सरकारी माणसानं दिलं तर चालतंय का?"

मी त्यांना साहेबांसमोर बसवलं. त्यांनी पिशवीतून आपल्या रोजच्या कामाच्या दोन डायऱ्या काढल्या. गावातल्या आडात टँकर रिकामा झाला की पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायचं काम त्यांच्याकडं होतं. जेव्हा जेव्हा टँकर आला तेव्हा तेव्हा त्यांनी पावडर टाकली आणि डायरीत लिहिलं. चार महिन्यांच्या त्या नोंदी होत्या. आठवड्यातून एखादा टँकर, कधी तोही नाही. तालुक्याच्या कागदावर मात्र रोज दोन खेपा दिसत होत्या. टँकर नसला की लोक ओढ्यातल्या डबक्याचं पाणी आणायचे, मग जुलाब. तीन लेकरं त्यांच्या हातांत गेली होती. ते सांगताना त्या माझ्याकडं किंवा साहेबांकडं बघत नव्हत्या, डायरीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"माझं नाव नगं यायला," त्या म्हणाल्या. "बाकी समदं लिहा."

साहेबांनी सांगितलं की नावाशिवाय निवेदन घेता येत नाही, पण ते गोपनीय ठेवावं अशी विनंती करता येते. नर्सबाईंनी विचारलं, "गोपनीय म्हंजे कुणालाच दिसणार न्हाई?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेवढ्यावर होकार देणं सोपं होतं. ते म्हणाले, "असं नाही, सिस्टर. समितीचे सदस्य वाचतील. मी वाचणार, या बाई टाइप करणार. छापलं जाणार नाही, बाहेर दिलं जाणार नाही. तुम्ही सरकारी नोकरीत आहात म्हणून तुमचं संरक्षण कमी होत नाही. पण कुणी तुमच्यावर कधी रागावणारच नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. रागावून काही केलं, तर त्याला जाब विचारू, एवढं सांगतो."

नर्सबाई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या, चेहरा पुसलेला होता. "लिहा," म्हणाल्या.

मी दोन नवे कार्बन लावून टाइप केलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गोपनीय ठेवावे, ही विनंती'. त्यांनी सही केली. तिन्ही प्रती साहेबांनी आपल्या पेटीत कुलूपबंद केल्या.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी साहेब नांदेडची निवेदनं घ्यायला तिकडं गेले होते आणि मी एकटीच टेबलावर होते. नर्सबाई आल्या. त्यांनी एक कागद माझ्यापुढं ठेवला. तालुक्याच्या एका साहेबांच्या सहीची नोटीस होती. तालुका कुठला ते मी आजही सांगत नाही. प्रशासनाविरुद्ध खोटी माहिती पुरवल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा. खाली निवेदनातलं एक सबंध वाक्य अवतरणात दिलेलं.

"हे वाक्य माझं हाय," नर्सबाई म्हणाल्या. "शब्दाला शब्द."

वाक्य त्यांचं होतं, पण टायपिंग माझं होतं. 'डबक्याचे' हा शब्द मी घाईत 'डबकयाचे' असा टाइप केला होता. नोटिशीतही तो तसाच होता. नव्या कार्यालयात कार्बनची टंचाई असायची. एकदा वापरलेला कार्बन मी टाकून देत नसे, खणात ठेवून पुन्हा लावत असे. नव्या कार्बनवर पहिल्यांदा टाइप केलं की उजेडाला धरल्यावर अक्षर न् अक्षर वाचता येतं. आणि ते निवेदन टाइप केलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी आमचे हेडक्लार्क टेबलापाशी येऊन म्हणाले होते, एखादा कार्बन असला तर द्या. मी खण उघडून सगळ्यांत वरचा, कोराकरकरीत दिसणारा कार्बन माझ्या हातानं त्यांना दिला होता. हेडक्लार्क आणि ते तालुक्याचे साहेब एकमेकांच्या घरी जाणारे-येणारे होते, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

मी गप्प बसले असते तर नर्सबाईंना कधी कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला होता, हे लिहायला आज संकोच वाटत नाही, तेव्हा फार वाटला असता. मी त्यांना खण दाखवला, कार्बन दाखवले आणि सगळं सांगितलं. रडायला आलं. त्यांनी खणातला एक कार्बन उजेडाला धरून पाहिला.

"मुद्दाम दिला का तुम्ही?"

"न्हाई, अक्का." तोवर मी त्यांना सिस्टर म्हणत होते, अक्का कसं तोंडात आलं कुणास ठाऊक.

"मग रडून काय व्हतंय? मुंबईवाल्या साहेबाला सांगू चला."

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकून मी त्यांच्याबरोबर नांदेडच्या एसटीत बसले. अहमदपूर, लोहा. दोन्ही बाजूंना काळं रान भेगाळून पडलेलं, झाडाखाली उभी जनावरं, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया. एसटीत नर्सबाईंनी भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती तशीच धरून बसले. त्या मात्र जेवत जेवत त्यांच्या गावची, देगलूरच्या बाजाराची, नर्सिंगच्या होस्टेलवरची गोष्ट सांगत होत्या, जणू आम्ही कुठं लग्नाला निघालो होतो. पुढं त्यांनी मला सांगितलं की त्या दिवशी त्या फार घाबरल्या होत्या आणि बोलणं थांबवलं तर परत फिरू असं वाटत होतं.

नांदेडच्या विश्रामगृहावर साहेबांनी नोटीस वाचली. मग माझं ऐकून घेतलं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. प्रती कुलपात ठेवल्या आणि कार्बन विसरलो." मग एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "जे सांगितलंत ते लिहून देता?"

लिहून दिलं तर हेडक्लार्कांचं नाव येणार होतं. रोज त्यांच्याच हाताखाली बसायचं होतं. माझी नोकरी अजून कच्ची होती आणि घरी त्या पगाराची वाट बघणारे चार जण होते. साहेबांनी घाई केली नाही. एवढंच म्हणाले, "बाई, खांबावरचं ते पान तुम्ही लिहिलंत. ते तुम्हालाही लागू आहे."

मी लिहिलं. कार्बन कसा दिला, कधी दिला, कुणी मागितला. त्यांनी तो कशासाठी नेला ते मला माहीत नव्हतं, म्हणून ते लिहिलं नाही. सही घाईघाईत केली, ती माझी वाटेना. साहेबांनी शेजारी पुन्हा एकदा करायला लावली.

समितीची बैठक लातूरच्या विश्रामगृहात झाली. लांब टेबलाच्या पलीकडं सदस्य, अलीकडं एक रिकामी खुर्ची. मी कोपऱ्यात, साहेबांनी मागितलेले कागद काढून द्यायला. नर्सबाईंना बोलावलं. समितीचे अध्यक्ष वयस्क होते, गावाकडच्या माणसासारखं सावकाश बोलायचे. त्यांनी नियमाप्रमाणं सांगितलं की तुमची साक्ष जाहीर समजली जाईल, पण तुम्हाला ती सगळी किंवा तिच्यातलं काही गोपनीय ठेवायचं असेल तर तसं सांगा.

नर्सबाईंनी पदर सारखा केला.

"आता काय गोपनीय ठेवायचं, साहेब? ज्याला कळाया नगं होतं त्याला कळलंय. उघडच सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. डायरी उघडून तारीख वाचायची, पावडर किती टाकली ते वाचायचं, पुढची तारीख. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. एका सदस्यानं विचारलं, टँकर आला आणि तुम्ही गावात नव्हता असं झालं असेल की. त्या म्हणाल्या, झालंय, दोनदा, बाळंतपणाला गेले होते, त्या तारखांपुढं तसं लिहिलंय. डायरी टेबलावरून हातोहात फिरली. तीन लेकरांची पानं आली तेव्हा त्यांनी ती वाचली नाहीत, फक्त पुढं केली. अध्यक्षांनी चष्मा काढून ती पानं वाचली.

दुपारी तालुक्याच्या त्या साहेबांना बोलावलं. नोटिशीतलं वाक्य तुम्हाला कुठून मिळालं, एवढा एकच प्रश्न अध्यक्षांनी त्यांना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं, आमच्या हेडक्लार्कांनी दिलेल्या कार्बनवरून. साक्षीदाराला त्रास देणं म्हणजे सभागृहाला त्रास देणं आहे, हे प्रकरण मी हक्कभंग समितीकडं पाठवू शकतो, असं अध्यक्ष शांतपणे म्हणाले, आणि ते साहेब घामानं भिजून गेले. त्यांनी तिथंच नोटीस मागं घेतल्याचं लिहून दिलं आणि समितीची माफी मागितली. अध्यक्ष म्हणाले, "आमची नंतर. बाहेर बाकावर त्या बसल्यात, आधी त्यांची मागा."

ते बाहेर गेले. दारातून मला दिसत होतं. नर्सबाई उठून उभ्या राहिल्या, सवयीनं, साहेब आले म्हणून. तालुक्याच्या साहेबांनी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. नर्सबाईंनी काहीतरी बोलून मान हलवली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "म्या म्हनलं, माफीचं राहू द्या, उद्या टँकर पाठवा."

टँकर दुसऱ्या दिवशी आला नाही. पण त्या आठवड्यात आला, आणि मग येत राहिला. समितीच्या सूचनेवरून प्रत्येक खेपेच्या कागदावर गावातल्या दोन बायकांची सही किंवा अंगठा घ्यायची पद्धत सुरू झाली. हेडक्लार्कांची बदली दुसऱ्या शाखेत झाली. जाईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. एकदा पाणी प्यायला माठापाशी गाठ पडली, तेव्हा स्वतःच पेला भरून माझ्यापुढं धरला आणि निघून गेले. मला त्यांच्यावर धड रागही धरता आला नाही. मुंबईवाले साहेब बैठक संपल्यावर परत गेले. जाताना वापरलेले सगळे कार्बन त्यांनी माझ्याकडून मागून घेतले आणि मागच्या अंगणात स्वतः काडी लावून जाळले.

नोकरीच्या पुढच्या वर्षांत मी कितीतरी समित्या पाहिल्या. गाड्यांचा ताफा, जेवणावळी, हारतुरे. निवेदनं घेतली गेली आणि कुठं गेली ते कळलं नाही, असंही पाहिलं. तरी त्या पहिल्या समितीच्या दिवसांची ओढ माझ्या मनातून गेली नाही. जिल्हा नवा, आम्ही नवे, कपाटं रिकामी. कागदावर लिहिलेलं खरं होऊ शकतं, असं आम्हाला तेव्हा वाटायचं आणि एकदा तरी तसं घडताना मी पाहिलं.

अक्का त्या उपकेंद्रावर आणखी तीन वर्षं होत्या. शनिवारी अर्धा दिवस भरला की मी एसटीनं तिकडं जायची. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं बाभळीची झाडं. गावच्या बाया संध्याकाळी येऊन बसायच्या. खेपेच्या कागदासाठी सही शिकायची म्हणून त्यांनी माझ्यामागं लकडा लावला, तेव्हा ओट्यावर कोळशानं मी त्यांना त्यांची नावं लिहून द्यायची. एकीचं नाव लांबलचक होतं. तिनं चार शनिवार ते गिरवलं आणि पाचव्या शनिवारी कंटाळून म्हणाली, "बाई, माज्या बहिणीचं नाव आखूड हाय, तेच लिहू का?" अक्का हसता हसता खाली बसल्या. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिला समजावलं की नाव आपलंच लिहावं लागतं, कितीही लांब असलं तरी. ती पुन्हा कोळसा घेऊन ओट्याकडं वळली.